राखणीचा कुत्रा आणि त्याचा शिधा

शेतकऱ्याच्या पशुधनाची मोजदाद करण्याचा प्रसंग आला म्हणजे बैल, गाई, म्हशी, शेळ्यामेंढ्या व फार तर कोंबड्या एवढ्यांचीं नांवें आपण घेतों. रात्रभर खळ्यावर, गोठ्याच्या दारांत किंवा मेंढवाड्याच्या कडेला जागणारा कुत्रा या मोजदादींत कोठेंच येत नाहीं. बैलाची वैरण आपण हाताच्या अंदाजानें कां होईना, पण मोजून टाकतों. दुभत्या म्हशीस पेंड किती व चुणी किती याचा हिशेब घरांतील प्रत्येकास तोंडपाठ असतो. कुत्र्याच्या बाबतींत मात्र ‘उरलेसुरलें घातलें कीं झालें’ या चार शब्दांपलीकडे आपला विचार जात नाहीं. जें जनावर आपली राखण करितें त्याच्या पोटाची राखण कोणीं करावयाची, हा प्रश्न शेतकीच्या मासिकांत मांडण्याइतका महत्त्वाचा आहे काय, असें कांहीं वाचकांस वाटेल. तो महत्त्वाचा आहे. कारण त्याचा संबंध कुत्र्याइतकाच गोठ्यांतील जनावरांशीं व घरांतील मुलाबाळांशीं आहे. तो संबंध दाखविणें हाच या लेखाचा हेतु होय.

प्रस्तुत विषयासंबंधानें सध्यां तीन मतें ऐकूं येतात. पहिलें मत आपलें परंपरागत : कुत्र्यास भाकरी पुरे. दुसरें मत शहरांतील हौशी मंडळींकडून आलें असून तें आतां खेड्यांतही पोंचूं लागलें आहे. कुत्रा हा मूळचा लांडगा. तेव्हां कच्चें मांस व हाडें हाच त्याचा नैसर्गिक आहार, धान्य हें त्याचें अन्नच नव्हे, असें ही मंडळी म्हणतात. तिसरें मत पिशवीबंद खाद्य विकणाऱ्यांचें. त्यांच्या मतें घरचें अन्न तेवढें अपुरें व त्यांची पिशवी तेवढी निर्दोष. या तिहींत सत्याचा थोडथोडा अंश आहे; परंतु त्यांपैकीं एकही मत शेतकऱ्यानें जसेंच्या तसें पत्करूं नये, असें आम्हांस वाटतें. शेतावरील कुत्र्याचा खरा स्वाभाविक आहार म्हणजे शिजविलेलें धान्य, त्याच्या जोडीला मापानें दिलेलें प्रथिनयुक्त अन्न, थोडी चरबी आणि चुन्याचा अंश. आणि ज्यास आज ‘नैसर्गिक’ म्हणून गौरविण्यांत येतें तें कापलेल्या जनावराचें कच्चें काळीज व फुप्फुस तर त्याच्या तोंडीं कधींही पडूं नये.

कुत्रा व लांडगा यांचें मूळ एक, हें खरें आहे. परंतु माणसाच्या चुलीजवळ हजारों वर्षें काढल्यानंतर कुत्र्याचें पोट लांडग्याचें राहिलें नाहीं. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१३ सालीं कुत्रे व लांडगे यांच्या आनुवंशिक घटकांची तुलना प्रसिद्ध केली. धान्यांतील पिष्ट पचविणारें जें द्रव्य स्वादुपिंडांत तयार होतें, त्याचा कारक असलेल्या घटकाच्या लांडग्यांत दोनच प्रती सांपडल्या. कुत्र्यांत त्याच घटकाच्या प्रती चारपासून तीसपर्यंत आढळल्या. माणूस शेती करूं लागला, त्याच्या घरीं धान्य आलें, आणि त्या घरच्या उष्ट्यावर जे जगूं शकले तेच कुत्रे वाढीस लागले, असा या शोधाचा अर्थ लावण्यांत आला आहे. तेव्हां नांगरट करणाऱ्याच्या बांधावर बसून भाकरीचा तुकडा खाणारा कुत्रा निसर्गाच्या विरुद्ध वागत आहे, असें म्हणण्यास आधार नाहीं. मांजराची गोष्ट वेगळी. त्यास मांसाहार अपरिहार्य आहे. कुत्र्यास तो तसा नाहीं. मात्र धान्य नीट शिजलेलें किंवा भाजलेलें पाहिजे, कच्चें पीठ वा कोंडा त्याच्या उपयोगी पडत नाहीं, एवढें ध्यानांत ठेवावें.

भाकरी पचते, एवढ्यावरून भाकरी पुरते असें मात्र ठरत नाहीं. या गोष्टीचा पुरावा मोठ्या विचित्र रीतीनें गोळा झाला आहे. माणसाच्या रोगांचीं कारणें शोधणाऱ्या शास्त्रज्ञांनीं ज्या प्रयोगांत कुत्र्यांस गरीब माणसाचें अन्न घातलें, त्या प्रयोगांतूनच कुत्र्याच्या आहाराचेंही ज्ञान झालें. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इंग्लंडांत एडवर्ड मेलनबी यांनीं कुत्र्यांच्या पिलांना पाव किंवा ओट या धान्याची लापशी व त्यासोबत थोडें निःसत्त्व दूध, इतक्यावरच घरांत कोंडून वाढविलें. पिलांचे पाय वांकले, सांधे सुजले. लहान मुलांना जो मुडदूस होतो तोच त्यांना झाला. त्याच आहारांत कॉड माशाच्या यकृताचें तेल घातलें तेव्हां हा रोग झाला नाहीं. १९१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांतून पुढें ‘ड’ जीवनसत्त्वाचा शोध लागण्यास वाट मिळाली. या बाबतींत कुत्रा माणसाहून दुर्बळ आहे. माणसाच्या कातडींत उन्हानें हें जीवनसत्त्व पुरेसें तयार होतें. कुत्र्याच्या कातडींत तें पुरेसें होत नाहीं, तें त्याला अन्नांतूनच मिळावें लागतें. उन्हांत खेळणारें पिलूं केवळ उन्हावर सुदृढ होतें हा समज म्हणून टिकणारा नाहीं.

दुसरें उदाहरण आपल्या अगदीं जवळचें आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागांत मक्यावर जगणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा नांवाचा रोग फैलावला होता. कातडी काळवंडणें, जुलाब व बुद्धिभ्रंश हीं त्याचीं लक्षणें. त्याच प्रांतांत कुत्र्यांची जीभ काळी पडून तीं मरत. हे दोन्ही रोग एकाच जातीचे असल्याचें जोसेफ गोल्डबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९२० नंतरच्या दशकांत दाखविलें, आणि १९३७ सालीं विस्कॉन्सिन विद्यापीठांत कॉनराड एल्व्हेजेम यांनीं यकृतांतून निकोटिनिक आम्ल वेगळें काढून काळ्या जिभेचे कुत्रे बरे केले. आतां आपल्या दख्खनकडे वळूं. येथें मक्याची जागा ज्वारीनें घेतली होती. ज्वारीवरच निर्वाह करणाऱ्या लोकांत पेलाग्रा आढळतो हें हैदराबाद येथील पोषणसंशोधनशाळेंत डॉ. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६० च्या सुमारास निदर्शनास आणलें, आणि १९६५ सालीं ज्वारीप्रधान आहार घालून त्यांनीं कुत्र्यांतही काळ्या जिभेचा रोग उत्पन्न करून दाखविला. ज्वारींत ल्युसिन नांवाचा प्रथिनांश अधिक असतो म्हणून असें घडतें, असें त्यांचें प्रतिपादन होतें. या कारणमीमांसेविषयीं पुढें मतभेद झाले; परंतु घडलेली गोष्ट मतभेदाच्या पलीकडची आहे. यांत दोष ज्वारीचा नाहीं, एकट्या ज्वारीचा आहे. तिच्या जोडीला डाळ, ताक, अंडें किंवा मांस आलें कीं तीच भाकरी माणसास व कुत्र्यास सारखीच मानवते.

आतां केवळ मांस घालण्याचा विचार करूं. ज्यांस परवडतें असे कांहीं बागाईतदार बंधु आवडीचें पिलूं आणून त्यास रोज निव्वळ मांसाचे तुकडे घालतात व आपण फार उत्तम पोषण करीत आहों असें समजतात. मांसांत प्रथिनें विपुल आहेत खरीं, पण त्यांत फॉस्फरसाच्या मानानें कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा अंश, अत्यल्प आहे. रक्तांत त्याची तूट पडली म्हणजे शरीर ती भरून काढण्यासाठीं हाडांतून चुना ओढून घेतें. मग चार महिन्यांचें गुटगुटीत पिलूं लंगडूं लागतें, थोड्याशा उडीनें त्याचा पाय मोडतो. लोक त्यास दृष्ट लागली म्हणतात. वस्तुतः तो मालकाच्या अर्धवट औदार्याचा परिणाम असतो. काळीज हें जीवनसत्त्वांचें भांडार असलें तरी रोज व पुष्कळ दिल्यास ‘अ’ जीवनसत्त्व अतिरिक्त होऊन तेंही बाधतें. रानांतील लांडगा शिकारीचें मांस, आंतडीं, रक्त व कोवळीं हाडें असें सर्व खातो. खाटकाच्या दुकानांतील एक तुकडा म्हणजे लांडग्याचें जेवण नव्हे. आणि कोंबडीचीं शिजविलेलीं हाडें तर घालूंच नयेत. तीं ठिसूळ होऊन त्यांच्या टोंकदार चिरफळ्या घशांत व आंतड्यांत रुततात.

येथवरची हानि कुत्र्यापुरती झाली. पुढील हानि आपल्या घरची आहे, आणि वाचकांनीं याच भागाकडे विशेष लक्ष द्यावें अशी आमची विनंति आहे. जत्रेंत, लग्नकार्यांत वा बाजाराच्या दिवशीं बकरें किंवा मेंढा कापला म्हणजे काळीज-फुप्फुसाचा खराब दिसणारा भाग सहज बाजूस फेंकण्यांत येतो आणि भोंवतीं बसलेले कुत्रे तो गट्ट करितात. त्या अवयवांवर कधीं कधीं पाण्यानें भरलेले पांढुरके फुगे दिसतात. हे फुगे म्हणजे एका बारीक पट्टकृमीची बालावस्था होय. कुत्र्याच्या पोटांत गेल्यावर सुमारें सहा-सात आठवड्यांत त्यांतून हजारों कृमि वाढतात व त्यांचीं अंडीं विष्ठेवाटे बाहेर पडूं लागतात. गंमत अशी कीं कुत्रा स्वतः आजारी दिसत नाहीं. तीं अंडीं चाऱ्यावरून मेंढीच्या पोटांत, आणि भाजीवरून किंवा कुत्र्याच्या अंगावरून हात फिरविणाऱ्या मुलाच्या तोंडांत जातात. मग तेच फुगे माणसाच्या काळजांत व फुप्फुसांत वर्षानुवर्षें सावकाश वाढतात आणि अखेर शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर राहत नाहीं. या रोगास हायडॅटिड म्हणतात. आपल्या देशांतील कत्तलखान्यांत मेंढ्या, गाई व म्हशी यांच्या अवयवांत हे फुगे आढळतात. म्हणजे हा धोका परदेशाचा नाहीं.

तथापि त्यावरील उपायाचें सर्वांत बोधप्रद उदाहरण परदेशचें आहे. आइसलंड हा मेंढपाळांचा देश. डेन्मार्कचे हॅराल्ड क्राबे यांनीं १८६३ च्या सुमारास तेथें जाऊन कुत्रे तपासले, तेव्हां शंभरांत अठ्ठावीस कुत्र्यांच्या पोटांत हा कृमि निघाला. क्राबे यांनीं रोगाचें मूळ समजावून सांगणारी एक लहान पुस्तिका लिहिली व १८६४ सालीं ती तेथील घरोघरीं पोंचविण्यांत आली. तिचें सांगणें साधें होतें : कापलेल्या मेंढीचे फुगेवाले अवयव जाळा किंवा पुरा, कुत्र्याच्या तोंडीं पडूं देऊं नका, कुत्र्यांस जंतांचें औषध द्या. पुढें कायदे झाले, मेंढ्या कापण्याची पद्धतही बदलली. परंतु लिहितांवाचतां येणाऱ्या शेतकऱ्यांनीं तें सांगणें ऐकलें हें त्या यशाचें एक मोठें कारण मानलें जातें. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथून हा रोग जवळजवळ नाहींसा झाला. न्यूझीलंडनेंही १९५९ सालीं कायदा करून व कुत्र्यांस नियमानें औषध देऊन तेंच साधलें आणि २००२ सालीं या रोगापासून देश मुक्त झाल्याचें जाहीर केलें. जें आइसलंडच्या मेंढपाळास दीडशें वर्षांपूर्वीं करतां आलें, तें आपल्या गांवास करतां येऊं नये असें कांहीं नाहीं.

याच प्रकारचीं आणखी दोन नुकसानें पशुपालकांनीं लक्षांत ठेवण्यासारखीं आहेत. मेंढी एकाएकीं डोकें एका अंगास वांकडें करून गोल गोल फिरूं लागते, चारा सोडते व मरते. तिच्या मेंदूंत दुसऱ्या एका पट्टकृमीचा फुगा असतो. आणि अशा मेंढीचें डोकें कच्चें कुत्र्यास घातलें कीं तो कृमि पुन्हां कळपाभोंवतीं पसरतो. दुसरें नुकसान गाईम्हशींचें. निओस्पोरा नांवाच्या सूक्ष्म परोपजीवी जंतूमुळें गाई गाभडतात, आणि तो जंतु कुत्र्याच्या विष्ठेवाटे पसरतो हें १९९८ सालीं सिद्ध झालें. व्यालेल्या वा गाभडलेल्या जनावराची वार कुत्र्यानें ओढून नेणें ही आपल्याकडे नित्याची गोष्ट आहे. ती वार खोल पुरावी. मेलेलें जनावर गांवाबाहेर उघड्यावर टाकण्याची जुनी चाल गिधाडें होतीं तोंवर निभावली. डायक्लोफिनॅक या औषधानें गिधाडें मेलीं, जनावरांकरितां त्या औषधाच्या उत्पादनावर २००६ सालीं बंदी आली, तरी गिधाडांची संख्या पूर्ववत् झालेली नाहीं. आतां त्या मढ्यावर कुत्रे पोसतात, आणि त्यांतलाच एखादा रात्रीं आपल्या ओट्यावर येऊन निजतो.

उरलेसुरलें घालण्याच्या रीतींत दुसराही एक दोष आहे : जें माणसाच्या उपयोगाचें नाहीं तें कुत्र्यास चालतें, असें आपण गृहीत धरितों. बुरशी आलेलें धान्य, खवट शेंगदाणे, काळी पडलेली पेंड हीं कुत्र्यापुढें सर्रास टाकण्यांत येतात. १९७४ सालीं गुजराथेंतील पंचमहाल व राजस्थानांतील बांसवाडा या भागांत पावसांत भिजून बुरसलेला मका खाल्ल्यामुळें काविळीची सांथ आली. शंभरावर माणसें दगावलीं. बुरशींतील अफ्लाटॉक्सिन या विषानें त्यांचीं यकृतें निकामी झालीं होतीं. तोच मका खाणारे त्या घरांतील कुत्रेही काविळीनें मेले. ज्या घरच्या कुत्र्याची तब्येत धान्यानें बिघडते, त्या घरच्या कणगींत डोकावून पाहावें, असा धडा त्यांतून घेण्यासारखा आहे.

कांहीं चांगले, ताजे पदार्थही कुत्र्यास विषासमान आहेत. कांदा व लसूण यांच्यामुळें त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. शिजविल्यानें हा दोष जात नाहीं, आणि थोडा थोडा रोज पोटांत गेला तरी पांडुरोग जडूं शकतो. म्हणून कांद्याच्या रश्श्यांत कालविलेली भाकरी हें कुत्र्याचें अन्न नव्हे; आणि लसूण घातली म्हणजे जंत पडतात हा समज तर दुहेरी चुकीचा. द्राक्षें व बेदाणे यांनीं कांहीं कुत्र्यांचीं मूत्रपिंडें बंद पडतात. किती खाल्ले असतां बाधेल याचा नेम नाहीं. नाशिक व सांगलीकडील बागाईतदारांनीं छाटणीच्या व बेदाणा वाळविण्याच्या दिवसांत कुत्रा शेडजवळ मोकळा सोडूं नये. चॉकलेट, चहाचा चोथा आणि साखरेऐवजीं झायलिटॉल घातलेले गोड पदार्थ हेही वर्ज्य होत. खत म्हणून आणलेल्या एरंडीच्या पेंडीस कुत्रे वासानें भुलतात, व तींतील विष प्राणघातक आहे. तेव्हां ती उघडी ठेवूं नये व जमिनींत घातल्यावर मातीनें झांकावी. उंदरांसाठीं कणकेंत मिसळलेल्या औषधाविषयींही हीच सावधगिरी हवी.

पिशवीबंद खाद्याविषयीं आमचा आक्षेप तत्त्वाचा नाहीं. कुत्र्यांचें पहिलें विकाऊ बिस्कीट जेम्स स्प्रॅट यांनीं १८६० च्या सुमारास लंडनांत काढलें. त्यांत गव्हाचें पीठ, भाज्या, बीट व वाळविलेलें रक्त असे. आजच्या पिशवींतही बहुधा मका, तांदूळ, सोयाबीन व कोंबडीच्या अवशेषांची भुकटी असते. म्हणजे शेतकरी जें पोत्यानें विकतो तेंच त्यास किलोच्या भावानें परत येतें. फरक एवढाच कीं त्यांत क्षार व जीवनसत्त्वें मोजून घातलेलीं असतात. हा फरक लहान नाहीं. वाढत्या पिलांस व व्यालेल्या कुत्रीस चांगल्या प्रतीचें असें खाद्य कांहीं महिने देणें फायद्याचें आहे. मात्र वेष्टनावर तो ‘संपूर्ण आहार’ आहे कीं केवळ खाऊ, हें वाचून घ्यावें. ‘धान्यविरहित’ या शब्दावर भाळून अधिक दाम मोजूं नयेत. अमेरिकेंत अशा, वाटाणे-मसुरांवर आधारलेल्या खाद्यांचा कुत्र्यांच्या एका हृदयरोगाशीं संबंध आहे काय, याची चौकशी तेथील सरकारी खात्यानें २०१८ सालीं सुरू केली. तो संबंध निश्चित झालेला नाहीं. परंतु धान्य काढून टाकल्यानें खाद्य श्रेष्ठ ठरतें असेंही कोणीं सिद्ध केलेलें नाहीं.

मग शेतकऱ्यानें घालावें तरी काय? १८ ते २० किलो वजनाच्या, पूर्ण वाढ झालेल्या व बेताचें काम करणाऱ्या कुत्र्यास दिवसाकांठीं पुढील शिधा साधारणपणें पुरावा : २०० ग्रॅम ज्वारी, बाजरी किंवा गहूं यांच्या पिठाची भाकरी, ३० ग्रॅम डाळ मऊ शिजवून, दोन उकडलेलीं अंडीं, अथवा १०० ग्रॅम शिजविलेलें बिनहाडाचें मांस वा मासळी, दोन लहान चमचे तेल, मूठभर शिजविलेला भोपळा किंवा पालेभाजी, वाटीभर ताक, आणि अर्धा लहान चमचा अंड्याच्या कवचांची भुकटी. कवचें धुवून, उकळून, वाळवून बारीक दळावीं म्हणजे चुन्याचा अंश घरच्याघरीं मिळतो. आठवड्यांतून एकदां ५० ग्रॅम नीट शिजविलेलें काळीज पुरे. कोंकणांत सुकी मासळी वापरल्यास तिचें मीठ पाण्यांत भिजवून काढून टाकावें. प्रौढ कुत्र्यास निरसें दूध पुष्कळदां पचत नाहीं, त्यापेक्षां ताक बरें. अंड्याचा पांढरा भाग रोज कच्चा दिल्यास एका जीवनसत्त्वाचा नाश होतो, म्हणून अंडें उकडावें. ज्या घरीं अंडीं-मांस वर्ज्य आहे तेथें डाळ दुप्पट करून ७५ ग्रॅम पनीर घालावें व पशुवैद्याच्या सल्ल्यानें क्षार-जीवनसत्त्वांची जोड द्यावी. गाईम्हशींचें क्षारमिश्रण अंदाजानें घालूं नये.

हा शिधा सकाळीं थोडा व सायंकाळीं अधिक असा दोन वेळां विभागून द्यावा, आणि मोठ्या जेवणानंतर लगेच कुत्र्यास पळवूं नये. कळपाबरोबर कोसच्या कोस चालणाऱ्या धनगरी कुत्र्यास अधिक लागेल. पिलें पाजणाऱ्या कुत्रीस दुप्पट-तिप्पट लागेल. अंदाजाची कसोटी सोपी आहे : बरगड्या बोटांस सहज लागाव्या, पण त्यांवर चरबीचा थर नसावा. मुधोळ व कारवान जातींचे कुत्रे मुळचेच सडपातळ. त्यांना लठ्ठ करणें ही माया नव्हे. महिन्यांतून एकदां धान्याच्या कांट्यावर कुत्र्यासह उभें राहून आपलें वजन वजा केलें कीं हिशेब ठेवतां येतो. आणि स्वच्छ पाणी? वैशाखांत बैलासाठीं भरलेली डोण कुत्र्यास पोंचत नाहीं. त्याचें भांडें वेगळें असावें व तें रोज घासावें.

‘एवढा खर्च कुत्र्यावर?’ असा आक्षेप येईल. २०० ग्रॅम रोज म्हणजे वर्षास सुमारें पाऊण क्विंटल धान्य. ज्या खळ्याची तो राखण करितो त्या मानानें हा भार जड नाहीं. उलट, एका वस्तीवर चार-पांच अर्धपोटीं कुत्रे बाळगण्यापेक्षां एकच कुत्रा नीट पोसावा व त्याचें निर्बीजीकरण करून घ्यावें, असें आम्ही सुचवितों. भुकेला कुत्रा अधिक तिखट राखण करितो ही समजूत खुळी आहे. भुकेला कुत्रा रात्रीं खळें सोडून उकिरड्याकडे जातो, शेजाऱ्याचीं करडें धरितो आणि बारा वाड्यांवरच्या कुत्र्यांत मिसळून रोग घेऊन येतो. येथें हेंही सांगितलें पाहिजे कीं कोणताही आहार पिसाळ रोगापासून संरक्षण देत नाहीं. त्यास प्रतिबंधक लसच पाहिजे. आणि कुत्रा चावल्यास जखम साबण-पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून तत्काळ दवाखाना गांठला पाहिजे.

शेवटीं आमच्या मंडळाच्या सभासदांपुढें तीन सूचना ठेवून लेख पुरा करितों. पहिली, प्रत्येक गांवीं बकरें-मेंढरें कापण्याच्या जागीं झांकणाचा खोल खड्डा असावा, व जत्रेच्या पंचांनीं त्याची व्यवस्था आधींच करावी. जो अवयव कुत्र्यास द्यावयाचाच असेल तो निदान पाऊण तास उकळल्याखेरीज देऊं नये. दुसरी, गुरांच्या लसटोंचणीच्या दिवशींच गांवांतील पाळीव कुत्र्यांस पिसाळ रोगाची लस व पट्टकृमीचें औषध देण्याची विनंति पशुवैद्यकीय दवाखान्यास करावी, आणि मेंढवाड्यावरील कुत्र्यांस तें औषध दर किती आठवड्यांनीं द्यावयाचें हें विचारून तारखा लिहून ठेवाव्या. तिसरी, ज्या वहींत बैलाची पेंड लिहिली जाते त्याच वहींत एक ओळ कुत्र्याच्या शिध्याची असावी. पहिल्या दोन गोष्टी गांवानें मिळून करावयाच्या आहेत. तिसरीला कोणाच्याही ठरावाची वाट पाहावयास नको. ती आज सायंकाळीं भाकरी भाजतांनाच सुरू करतां येईल.